खांब कुठे मरतो? परसाच्या कुंपणासाठी लाकूड की लोखंड

कुंपणाचा खांब मोडतो तो जवळजवळ नेहमी एकाच जागी. वरच्या टोकाला नाही, तार बांधली आहे तिथे नाही आणि खोल मातीतही नाही. जमिनीच्या पातळीला, चार बोटं वर आणि वीतभर खाली, एवढ्याच पट्ट्यात. जुना खांब उपटून पाहा. लाकडाचा असेल तर गाडलेलं बूड बऱ्याचदा अजून टणक असतं, वरचा भाग उन्हाने करडा पडलेला असला तरी ठोकल्यावर वाजतो, आणि मधला पट्टा मात्र तासलेल्या पेन्सिलीसारखा निमुळता झालेला असतो. लोखंडी अँगल असेल तर त्याच पट्ट्यात गंजाचे पापुद्रे सुटतात, बोटाने दाबले की खाली पडतात, आणि आत उरलेला पत्रा कागदाच्या जाडीला आलेला दिसतो.

लाकूड की लोखंड हा प्रश्न दरवर्षी दसऱ्यानंतर, कुंपणाची कामं निघाली की घरोघरी पडतो. सुतार एक सांगतो, वेल्डर दुसरं सांगतो, शेजारी आपल्या कुंपणाचं कौतुक सांगतो. तिघंही खांबाच्या जातीबद्दल बोलत असतात. मला वाटतं, बोलायला हवं ते त्या वीतभर पट्ट्याबद्दल. तिथे पाणी किती दिवस थांबतं, माती कसली आहे, हवेत मीठ आहे का, हे एकदा ठरलं की खांब कशाचा हे बरंचसं आपोआप ठरतं.

लाकूड कुजवते ती बुरशी. तिला ओल, हवा आणि ऊब लागते. लाकडातला ओलावा त्याच्या वजनाच्या वीस टक्क्यांखाली असेल तर बुरशी धरत नाही, म्हणून घराचे वासे शंभर वर्षं टिकतात. खोल, दबलेल्या ओल्या मातीत हवा पोचत नाही, म्हणून तिथेही कुजणं मंदावतं. जमिनीच्या पातळीला मात्र ओल खालून येते, हवा वरून येते आणि आपल्याकडे ऊब बाराही महिने असते. वाळवीही तिथूनच चढते. लोखंडाचा हिशेब फार वेगळा नाही. गंजायला पाणी आणि ऑक्सिजन दोन्ही लागतात, आणि दोन्ही एका ठिकाणी भेटतात ते तिथेच. दोन्ही पदार्थांचा शत्रू एकाच जागी बसलेला असताना त्यांची तुलना दुसऱ्या कुठल्या कसोटीवर करण्यात फारसा अर्थ नाही.

लाकडाबद्दल आधी सविस्तर बोलायला हवं, कारण गैरसमज तिथेच जास्त आहेत. ‘सागाचा खांब आहे, काही होत नाही’ हे वाक्य आपण सगळ्यांनी ऐकलेलं असतं. ते खरं आहे, पण जुन्या सागाच्या गाभ्यापुरतं. झाडाचं खोड आडवं कापलं की मध्ये गडद गाभा दिसतो आणि भोवती सालीलगत फिकट, पांढरा थर. गाभ्यात झाडाने साठवलेली द्रव्यं असतात, ती बुरशीला आणि वाळवीला मानवत नाहीत. पांढऱ्या थरात ती नसतात. साग असो, ऐन असो की खैर, पांढरं लाकूड कुठल्याही झाडाचं कच्चंच. बाजारात खांब म्हणून मिळणारे सागाचे मनगटाएवढे वासे बहुधा लागवडीच्या विरळणीतले, कोवळ्या झाडांचे असतात. त्यांत गाभा अंगठ्याएवढा आणि बाकी सगळं पांढरं. नाव सागाचं, आयुष्य मात्र कुठल्याही किरकोळ लाकडाचं. वखारीत खांब निवडताना जातीपेक्षा आधी कापलेलं टोक पाहावं. गडद भाग किती आणि फिकट किती, हे तिथे उघड दिसतं.

डेहराडूनच्या वन संशोधन संस्थेत लाकडाचा टिकाऊपणा मोजायची पद्धत साधी आहे. गाभ्याच्या लाकडाच्या ठरावीक मापाच्या खुंट्या अर्ध्या जमिनीत गाडून ठेवायच्या आणि त्या किती महिने तग धरतात ते पाहायचं. सरासरी १२० महिने किंवा अधिक टिकलं ते पहिल्या वर्गाचं, ६० ते १२० महिने टिकलं ते दुसऱ्या वर्गाचं, त्याहून कमी ते तिसऱ्या. आकडा नीट वाचला पाहिजे: जमिनीत गाडलेल्या लाकडासाठी दहा वर्षं हा उत्तम दर्जा आहे. खांब चाचणीतल्या खुंटीपेक्षा जाड असतो, त्यामुळे तो अधिक टिकतो. तरीही प्रक्रिया न केलेल्या खांबाकडून पिढ्यान्‌पिढ्यांची अपेक्षा ठेवणं चूक. अमेरिकेत ओरेगन राज्यात कॉर्व्हॅलिसला टी. जे. स्टार्कर यांनी १९२०च्या दशकात खास कुंपणाच्या खांबांचंच एक शेत उभं केलं. निरनिराळ्या जातींचे, निरनिराळ्या प्रक्रियांचे खांब रांगेने गाडायचे, ठरावीक काळाने प्रत्येकाला वरून ओढ द्यायची आणि जमिनीशी मोडला की नोंद करायची. कुंपणाच्या खांबाची खरी परीक्षा हीच.

घरगुती उपायांत बूड जाळून काळं करण्याची रीत सगळ्यांत जुनी. कोळशाला बुरशी खात नाही हे खरं, पण कोळशाचा थर तडकतो आणि त्याच्या फटींतून पाणी आतल्या शाबूत लाकडाला भिडतं. नुसतं जाळून आयुष्य फारसं वाढत नाही. डांबर फासायचं तर लाकूड आधी पूर्ण वाळलेलं हवं. ओल्या लाकडावर डांबर म्हणजे आतली ओल आत कोंडणं. शिवाय डांबर बुडाला थापतात आणि जमिनीच्या पातळीच्या वर जेमतेम बोटभर आणून थांबवतात. ते वीतभर वरपर्यंत यायला हवं. वापरलेलं इंजिन ऑइल चोपडण्याची पद्धत मात्र पूर्ण बंद व्हावी असं मला मनापासून वाटतं. ते लाकडात खोल जात नाही, पावसाबरोबर मातीत उतरतं, आणि परसात बऱ्याचदा विहीर असते.

खरी प्रक्रिया म्हणजे रसायन दाबाखाली लाकडात खोलवर भरणं. या गोष्टीत एक भारतीय नाव आहे, ते आपल्याकडे फारसं घेतलं जात नाही. तांबं, क्रोमियम आणि आर्सेनिक यांचं मिश्रण लाकडात भरण्याची पद्धत डॉ. सोंती कामेसम यांनी १९३३ साली डेहराडूनच्या त्याच संस्थेत शोधून काढली. तांबं बुरशीला मारतं, आर्सेनिक किड्यांना, आणि क्रोमियम त्या दोघांना लाकडाच्या तंतूंशी असं बांधून टाकतं की पाऊस त्यांना सहजी धुऊन नेत नाही. पुढे निम्म्या जगाची परसदारं या हिरवट खांबांवर उभी राहिली. मग आर्सेनिक मातीत झिरपण्याची चिंता वाढली, आणि अमेरिकेत २००३च्या अखेरीस घरगुती वापरासाठी हे लाकूड बनवणं उत्पादकांनी थांबवलं. त्याजागी तांब्यावर आधारलेली दुसरी मिश्रणं आली. त्यांत तांब्याचं प्रमाण जास्त, त्यामुळे साधा खिळा त्यांत लवकर गंजतो. जाड जस्ताचा मुलामा दिलेले किंवा स्टेनलेसचेच खिळे-स्क्रू वापरावे लागतात. आपल्याकडे आर्सेनिकच्या मिश्रणाची प्रक्रिया केलेलं लाकूड घेतलं तर एक गोष्ट घरातल्या सगळ्यांना सांगून ठेवावी: त्याचे तुकडे चुलीत किंवा बंबात कधीही घालायचे नाहीत. धुरात आणि राखेत आर्सेनिक उतरतं.

बांबूबद्दलही इथेच सांगतो. बोरॅक्स आणि बोरिक ॲसिडच्या पाण्यात मुरवलेला बांबू घरात, छपराखाली उत्तम टिकतो. पण बोरॉन पाण्यात विरघळतं. जमिनीत गाडलेल्या बांबूतून ते एकदोन पावसाळ्यांत धुऊन जातं आणि खांब पुन्हा कोरा होतो. बोरॅक्सचा बांबू कुंपणाच्या आडव्या पट्ट्यांना वापरावा, खांबाला नाही.

आता लोखंड. आपल्या गावांत कुंपणाचा लोखंडी खांब म्हणजे बहुतेक वेळा ‘अँगल’. तो किलोवर मिळतो, म्हणून वजन माहीत असलेलं बरं. ४० × ४० × ५ मिलिमीटर मापाचा अँगल मीटरला सुमारे तीन किलो भरतो, म्हणजे आठ फुटी खांब सात किलोंच्या थोडा वर. पाच गुंठ्यांच्या चौकोनी परसाचा घेर साधारण २९५ फूट होतो. आठ फुटांवर एक धरला तर सदतीस खांब आणि दोनशे सत्तर किलो लोखंड. दुकानदार स्वस्तात देतो म्हणतो तेव्हा बहुधा जाडी पाचावरून तीनवर आलेली असते. गंजाच्या दृष्टीने जाडी म्हणजेच आयुष्य. रेल्वेच्या हद्दीवर जुन्या रुळांचे तुकडे खांब म्हणून उभे दिसतात, त्यांवर गंज भरपूर असतो आणि तरी ते हलत नाहीत. गंजायला त्यांत तेवढं लोखंडच शिल्लक आहे.

बहुतेक कुंपणांत अँगल काळाच येतो, त्याला लाल प्रायमर आणि वर एक हात रंग लागतो. रंगाचं काम बाहेरून छान दिसतं, पण गाडताना खडीने त्याला ओरखडे पडतात, तार ताणताना तो खरवडतो, आणि नेमक्या त्या वीतभर पट्ट्यात पुन्हा रंग देणं कुणाच्याच लक्षात राहत नाही. रंग हा फक्त पडदा असतो. त्याला भोक पडलं की गंज आत शिरून रंगाखाली पसरत जातो. जस्ताचं तसं नाही. जस्त लोखंडाच्या आधी स्वतः झिजतं, त्यामुळे मुलाम्याला छोटा ओरखडा पडला तरी उघडं पडलेलं लोखंड आजूबाजूच्या जस्ताच्या जिवावर वाचतं. कुंपणासाठी लोखंड घ्यायचं तर ते जस्ती घ्यावं, असं माझं स्पष्ट मत आहे. फक्त ‘जीआय’ या एका नावाखाली दोन अगदी वेगळ्या गोष्टी विकल्या जातात, तिथे फसगत होते.

तयार खांब वितळलेल्या जस्तात बुडवून काढला तर त्यावर साधारण ८० मायक्रॉनपर्यंत जाड थर बसू शकतो. उलट, आधीच मुलामा दिलेल्या पातळ पत्र्यापासून वळवून केलेल्या चौकोनी पाइपवर ‘१२० जीएसएम’ असं लिहिलेलं असतं. हे वजन पत्र्याच्या दोन्ही बाजूंचं मिळून असतं, म्हणजे एका बाजूला जेमतेम साडेआठ मायक्रॉन. हवेने जस्त किती झिजतं याची आंतरराष्ट्रीय प्रतवारी आहे, आयएसओ ९२२३. तिच्यात मध्यम हवेला वर्षाला ०.७ ते २.१ मायक्रॉन, त्याहून तिखट हवेला ४.२पर्यंत आणि समुद्राकाठच्या फार खारट हवेला ८.४पर्यंत झीज धरली आहे. हिशेब सोपा आहे. साडेआठ मायक्रॉनचा थर कोरड्या देशावर काही वर्षं पुरेल, पण वेंगुर्ल्याला किंवा श्रीवर्धनला किनाऱ्यालगतच्या वाडीत तो दोन पावसाळ्यांचा धनी. ८० मायक्रॉनचा थर तिथेही दहाएक वर्षं काढतो.

वेल्डिंगने यावर आणखी पाणी पडतं. जस्त ४१९ अंशांना वितळतं आणि ९०७ अंशांना उकळतं. लोखंड वितळायला पंधराशेच्या आसपास तापमान लागतं. म्हणजे जस्ती पाइपला वेल्डिंग केलं की सांध्याभोवतीचं जस्त उडालंच. तो पांढरा धूर श्वासात जाणंही वाईट, वेल्डरला त्याने ताप भरतो. सांधे आधी जोडून मग खांब बुडवून घेणं हे उत्तम. ते जमत नसेल तर बोल्ट वापरावेत, आणि तेही जमत नसेल तर सांधा तारेच्या ब्रशने घासून त्यावर जस्ताचं प्रमाण जास्त असलेला रंग दोन हात द्यावा. पाइप घेतला तर वरचं तोंड बंद हवं. उघड्या तोंडातून पावसाचं पाणी आत जातं, बुडाशी साचतं, आणि पाइप आतून गंजतो. बाहेरून रंग शाबूत दिसत असतानाच एक दिवस जमिनीशी भोक पडतं.

सिमेंटच्या पोलबद्दल दोनच वाक्यं. ते वाळवीला आणि वणव्याला पुरून उरतात, पण ट्रॉलीचा धक्का बसला की तुटतात आणि दुरुस्त होत नाहीत. किनाऱ्यावर आतली तार गंजून फुगली की काँक्रीट फाटतं, तेव्हा खाऱ्या हवेचा हिशेब त्यांनाही लागू आहे.

खड्ड्यात काँक्रीट ओतायचं की नाही, या एका प्रश्नाला लाकडासाठी आणि लोखंडासाठी नेमकी उलट उत्तरं आहेत. याकडे जवळजवळ कुणीच लक्ष देत नाही. लाकूड पावसात फुगतं, उन्हाळ्यात आकसतं. काँक्रीट जागचं हलत नाही. पहिल्याच उन्हाळ्यात दोघांच्या मध्ये केसाएवढी फट पडते, आणि पुढच्या पावसात तिच्यातून उतरलेलं पाणी बुडाशी अडकून राहतं. पक्कं काम करायला म्हणून ओतलेलं काँक्रीट लाकडी खांबाचं आयुष्य घटवतं. लाकडासाठी खड्ड्याच्या तळाला वीतभर खडी टाकावी, खांब त्यावर ठेवावा, आणि भोवती खडी व मुरूम थोडा थोडा घालून पहारीच्या बुडाने ठासत वर यावं. पाणी आलं तसं निघून गेलं पाहिजे. काँक्रीट घालायचंच असेल तर ते बाजूने घालावं, तळ उघडा ठेवावा.

लोखंडाला मात्र काँक्रीट मानवतं. सिमेंट क्षारधर्मी असतं आणि त्या क्षारतेत लोखंडावर एक अतिशय पातळ, संरक्षक थर धरतो. काँक्रीटच्या आतला भाग त्यामुळे वर्षानुवर्षं नवा राहतो. धोका उरतो तो अँगल काँक्रीटमधून बाहेर पडतो त्या रेषेवर. म्हणून काँक्रीट जमिनीच्या बरोबरीने थांबवू नये. ते तीन-चार इंच वर आणावं आणि खांबापासून बाहेर उतार द्यावा, म्हणजे माती आणि पालापाचोळा त्या रेषेला शिवणार नाही. कोकणात आणखी एक खबरदारी: खाडीची न धुतलेली वाळू किंवा मचूळ पाणी काँक्रीटला वापरलं तर त्यातलं मीठ तो संरक्षक थर मोडतं, आणि खांब काँक्रीटच्या आतूनच गंजायला लागतो.

मातीनेही खूप फरक पडतो. काळी जमीन पावसात फुगते आणि उन्हाळ्यात हात जाईल अशा भेगा टाकते. तीत दोन फूट गाडलेला खांब दरवर्षी थोडा थोडा उपटला जातो, आणि पहिला पाऊस भेगेतून थेट बुडाशी पोचतो. काळ्या जमिनीत अडीच ते तीन फूट खोल जावं, खाली मुरूम लागत असेल तर तिथपर्यंत पोचावं आणि खड्ड्यात काळी माती परत न भरता मुरूम भरावा. लोखंड असो की लाकूड, इथे खोली आधी. माळाच्या मुरमाड जमिनीत पाणी थांबत नाही, तिथे चांगल्या गाभ्याचं लाकूड निर्धास्त वापरावं. कोकणच्या सड्यावर प्रश्न निराळा. कातळात पाडलेल्या खड्ड्यात चार महिने पाणी उभं राहतं आणि खांब त्यात बुडालेला असतो. तिथल्या लोकांनी पिढ्यान्‌पिढ्या खांबच टाळले आणि दगड रचून गडगे घातले. ज्यांच्याकडे दगड आणि रचणारा हात आहे त्यांनी आजही गडगाच घालावा.

ताकदीबद्दल बहुतेकांचा अंदाज चुकतो. लोखंड लाकडापेक्षा मजबूत हे खरं, पण खांब वाकण्याला किती विरोध करतो हे त्याच्या जाडीवर फार अवलंबून असतं. चार इंच व्यासाचा निरोगी ऐनाचा गोल खांब हा चाळीसच्या अँगलपेक्षा कित्येक पटींनी जास्त जोर सोसतो. लोखंडाची सरशी होते ती ताकदीत नाही, टिकण्यात. कारण गोल खांबाची ताकद व्यासाच्या घनाने बदलते. चार इंची खांब भोवतीने इंचभर कुजला की दोन इंच उरतो, आणि ताकद निम्मी न राहता आठवा हिस्सा राहते. लाकडी कुंपण चांगलं उभं दिसत असताना एका वादळी रात्रीत रांगच्या रांग आडवी होते ती यामुळे.

वाऱ्याचा विचार कुंपणावर काय लावणार यावर करावा. काटेरी तार किंवा जाळी वारा जाऊ देते. पण हल्ली आडोशासाठी जाळीवर हिरवी शेडनेट बांधतात किंवा पत्रे ठोकतात. ताशी ७२ किलोमीटर वेगाचा वारा, म्हणजे वळवाच्या एका जोरदार झोताइतका, दर चौरस मीटरला साधारण २४ किलोंनी ढकलतो. आठ फूट रुंद, पाच फूट उंच पत्र्याच्या एका गाळ्यावर तो भार नव्वद किलोंच्या घरात जातो, आणि एवढ्या भाराने चाळीसचा अँगल जमिनीशी वाकतो. घट्ट विणीच्या शेडनेटवर तो थोडा कमी, पण विसरण्याजोगा नाही. आडोसा हवा असेल तर खांब दुप्पट करावेत, किंवा जाड लाकूड, किंवा दोन-अडीच इंची मध्यम जाडीचा पाइप घ्यावा. कोपऱ्याच्या खांबाला वाऱ्याची वाटही पाहावी लागत नाही. ताणलेल्या तारांची ओढ तो रात्रंदिवस सोसतो. त्याला दोन्ही बाजूंनी तिरके टेके द्यावेत, आणि पैसे कमी असतील तर ते आधी कोपऱ्यांवर खर्च करावेत, मधल्या खांबांवर नंतर.

विजेच्या बाबतीत दोघांचा फरक ठळक आहे. लोखंडी खांब तारेला आपोआप जमिनीशी जोडतात. लाकडी खांबांवरची लांब तार तशी जोडलेली नसते, वीज पडली तर ती तारेने दूरवर जाते आणि कुंपणाला टेकलेलं जनावर दगावतं. लाकडी कुंपणात ठरावीक अंतरावर एखादा लोखंडी खांब घातला की हा धोका खूप कमी होतो. सौर झटका कुंपण करणार असाल तर गणित उलटं होतं: लोखंडी खांबावर प्रत्येक तारेला इन्सुलेटर चोख हवा, एकही सैल असेल तर झटका जमिनीत उतरतो. लाकूड कोरडं असताना थोडी सूट देतं, ओलं झालं की नाही. आणि घराच्या विजेची वायर सरळ कुंपणाला जोडणं हा गुन्हा आहे. विदर्भात त्याने माणसंही गेली आणि वाघही.

आतापर्यंत मेलेल्या लाकडाबद्दल बोललो. पण आपल्याकडे जिवंत खांबाची परंपरा मोठी आहे, आणि तिला इतिहासही आहे. इंग्रजांनी मिठावरचा कर चुकवून होणारी वाहतूक अडवायला एकोणिसाव्या शतकात उत्तरेकडून खाली बऱ्हाणपूरपर्यंत आणि पुढे ओडिशाकडे जकातीची एक सीमा आखून तिच्यावर अजस्र कुंपण उभं केलं होतं. सुरुवातीला ते वाळलेल्या काट्यांचं होतं. वाळवीने ते खाल्लं, आगीत ते जळलं, वाऱ्याने उडालं, आणि दरवर्षी पुन्हा काटे ओढून आणावे लागत. मग सीमाशुल्क आयुक्त झालेल्या ॲलन ऑक्टेव्हियन ह्यूम यांनी, पुढे काँग्रेसच्या स्थापनेत पुढाकार घेणारे ते हेच, जिथे शक्य तिथे बोर, बाभूळ, करवंद, निवडुंग यांचं जिवंत कुंपण लावायला घेतलं. १८७९ साली ती सीमाच मोडीत निघाली, पण तोवर काही ठिकाणी ते कुंपण दहा-बारा फूट उंच झालं होतं. जिवंत झाडाच्या मुळाशी बुरशी आणि वाळवी तशा चालत नाहीत, कारण झाड स्वतःचा बचाव करतं.

परसाला याचा उपयोग असा. पावसाळ्याच्या तोंडावर गिरिपुष्प किंवा पांगाऱ्याचे मनगटाएवढे दांडके गाडले तर बहुतेक जगतात आणि दोनेक वर्षांत तार धरण्याइतके दणकट होतात. गिरिपुष्पाचा पाला खताला येतो. तार मात्र खोडाला गुंडाळू नये, झाड जाड होताना ती गिळतं आणि तिथे खोड दुबळं होतं. एका बाजूला लाकडी पट्टी ठोकून तिच्यावर तार अडकवावी. घाई असेल त्याच्या हे कामाचं नाही. पण ज्याच्याकडे दोन वर्षं आहेत आणि दरवर्षी छाटणी करायची तयारी आहे, त्याच्यासाठी गडगा सोडला तर याहून चांगला खांब मला माहीत नाही.

लाकूड घ्यायचं तर कायद्याचंही पाहावं लागतं. महाराष्ट्रात १९६४च्या वृक्षतोड कायद्याच्या यादीत साग, खैर, ऐन, किंजळ, अंजन ही कुंपणाला उत्तम लाकडं आहेत. स्वतःच्या जमिनीतली असली तरी परवानगीशिवाय तोडता येत नाहीत, आणि हा नियम असायलाच हवा. बांधावरची बाभूळ वाढवून, गाभा धरेपर्यंत थांबून खांबाला वापरणं हा सगळ्यांत सरळ मार्ग. दुसऱ्या बाजूला, एक टन पोलाद बनताना हवेत सुमारे दोन टन कार्बन डायऑक्साइड जातो, हेही विसरायला नको. पण तो हिशेब टिकण्याशी जोडूनच मांडायला हवा. चार वर्षांत भंगारात जाणारा पातळ पाइप आणि चार वर्षांत कुजणारा कोवळा खांब, दोन्ही सारखेच वाया.

मग काय घ्यावं? देशावर मुरमाड जमीन, घरचीच जुनी बाभूळ आणि नुसती तार: लाकूड घ्या, खडीत बसवा. काळी जमीन: पाच मिलिमीटरचा अँगल खोल गाडा, बुडाशी चिरून दोन पाय फाकवा, म्हणजे तो उपटला जात नाही आणि चोरीलाही अवघड जातो. किनाऱ्यालगत: बुडवून जस्त दिलेलं लोखंड, नाहीतर जिवंत खांब. काळा अँगल तिथे मी कुणालाही सुचवणार नाही. डोंगरउतारावर जिथे दर उन्हाळ्यात वणवा येतो, तिथे लाकूड नको. आणि कुठेही, पैसे असतील तर, दोन्हींचा जोड करता येतो: जमिनीत जाड जस्ती अँगलचा किंवा सिमेंटचा तीनेक फुटी खुंट, फूटभर वर ठेवलेला, आणि त्याला बोल्टने जखडलेला लाकडी खांब, बूड जमिनीपासून तीन बोटं वर. लाकडाला माती लागतच नाही. खांब बदलायचा झाला तर दोन बोल्ट काढायचे, खड्डा पुन्हा खणायचा नाही.

फाटकाचे दोन खांब या सगळ्यातून वेगळे काढावेत. फाटक दिवसातून कितीदा उघडतं, त्याचं सगळं वजन बिजागऱ्यांच्या एका रांगेवर लटकतं, आणि मुलं त्यावर उभं राहून झोके घेतात. तिथे कुंपणाचाच अँगल लावला की वर्षभरात फाटक जमिनीला घासायला लागतं. सहा इंची निवडक गाभ्याचं लाकूड, दगडी खांब, किंवा तीन इंची जाड पाइप आतून काँक्रीट भरून, साडेतीन फूट खोल. दोन खांबांच्या बुडांना जमिनीखालून काँक्रीटच्या पट्ट्याने एकमेकांशी जोडलं तर दोघंही एकमेकांना धरून राहतात. खड्डे खणणाऱ्याला हे आधीच सांगावं, कारण चर नंतर खणायला कुणी तयार होत नाही.